विश्लेषण : स्टेट बँक, आयुर्विमा सरकारी करणारे चिंतामणराव देशमुख उजव्या पक्षांचे राष्ट्रपतिपदाचे उमेदवार कसे ठरले?

महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री नदी आर्थर सीटच्या कड्याखालून कोकणात उतरते आणि पोलादपूर, महाडमार्गे समुद्राकडे जाते. आंबेनळी घाट उतरून महाडला पोहोचले, की तिथून रायगड किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते हे गाव लागते. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे हे जन्मगाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईसाठी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारा नेता अशी त्यांची महाराष्ट्राला ओळख आहे. मात्र १९६९ मध्ये त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली होती, हे अनेकांच्या लक्षात नसते. स्वतंत्र पक्ष आणि भारतीय जनसंघ या त्या काळी उजव्या समजल्या जाणाऱ्या पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला होता. ते तिसरे आले, पण राष्ट्रपती कोण होणार हे त्यांच्याकडच्या मतांनी ठरवले. त्यांची पार्श्वभूमी काय होती, आर्थिक भूमिका कोणत्या होत्या आणि उजवा हा शिक्का त्यांना कितपत लागू पडत होता, हे समजून घेऊ या.

चिंतामणराव देशमुख कोण होते?

देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी झाला. वडील द्वारकानाथ रोह्याला वकिली करत. चिंतामणराव १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. पुढे ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. तिथे त्यांनी अर्थशास्त्र घेतले नव्हते. त्यांचे विषय वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे होते आणि वनस्पतिशास्त्रातले पारितोषिकही त्यांना मिळाले. देशाचे चलन आणि अर्थसंकल्प सांभाळणारा हा माणूस शिक्षणाने निसर्गविज्ञानाचा पदवीधर होता.

१९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेत ते पहिले आले. त्यानंतरची वीस वर्षे त्यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात महसूल व वित्त खात्यांत काम केले. १९३१ मध्ये लंडनला दुसरी गोलमेज परिषद झाली, तेव्हा परिषदेच्या सचिवालयातही ते होते. एकीकडे ब्रिटिश सरकारची नोकरी आणि दुसरीकडे कागदावरच्या प्रत्येक आकड्याचा हिशेब लावण्याची सवय, या दोन्ही गोष्टी पुढे आयुष्यभर त्यांच्याबरोबर राहिल्या. एकीवरून त्यांच्यावर टीका झाली, तर दुसरीमुळे त्यांना मान मिळाला.

रिझर्व्ह बँकेत त्यांनी काय केले?

देशमुख १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेत आले. ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते गव्हर्नर झाले आणि ३० जून १९४९ पर्यंत त्या पदावर राहिले. या सहा वर्षांत महायुद्ध, महागाई, फाळणी आणि स्वातंत्र्य असे सगळेच येऊन गेले. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचे चलन आणि बँकव्यवहारही भारताची रिझर्व्ह बँकच सांभाळत होती. एकाच बँकेची दोन देशांत वाटणी करण्याचे किचकट काम त्यांच्याच काळात झाले.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची पायाभरणी झाली. तिथे गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात देशमुख होते. देश तेव्हा पारतंत्र्यात होता. तरीही गरीब देशांचा विकास आणि युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेली भारताची येणी हे दोन्ही मुद्दे शिष्टमंडळाने लावून धरले. नाणेनिधीत भारताचा वाटा ४० कोटी डॉलरचा ठरला. सोव्हिएत संघ बाहेर राहिल्यामुळे भारत पहिल्या पाच मोठ्या वाटेकऱ्यांत आला आणि कार्यकारी मंडळावर त्याला हक्काची जागा मिळाली.

जानेवारी १९४६ मध्ये ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द करण्यात आल्या. तो निर्णय सरकारचा होता. रिझर्व्ह बँकेचे प्रमुख म्हणून देशमुख यांना त्याविषयी फारसा उत्साह नव्हता, कारण होणाऱ्या त्रासाच्या मानाने हाती लागणारी रक्कम मोठी असेल असे त्यांना वाटत नव्हते. आधी हिशेब आणि मग घोषणा, हीच त्यांची पद्धत होती. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हाही गव्हर्नर तेच होते. भागधारकांच्या बँकेचे शेवटचे आणि सरकारी मालकीच्या बँकेचे पहिले गव्हर्नर असे दोन्ही मान त्यांच्याकडे जातात.

अर्थमंत्री म्हणून त्यांची धोरणे कोणती होती?

मार्च १९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला आणि देशमुख त्याचे सदस्य झाले. या आयोगाच्या अधिकारांवरून मतभेद होऊन जॉन मथाई यांनी अर्थमंत्रिपद सोडले. त्यांच्या जागी जून १९५० मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी देशमुख यांना आणले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेले.

अर्थमंत्री म्हणून त्यांनी घेतलेले निर्णय एकत्र पाहिले, तर उजवा हा शब्द त्यांना चिकटवणे अवघड जाते.

इम्पीरिअल बँकेचे रूपांतर : ग्रामीण पतपुरवठ्याच्या देशव्यापी पाहणीतून असे दिसले, की शेतकऱ्याच्या कर्जात सावकाराचा वाटा प्रचंड आहे आणि बँकांचा जवळपास नाही. त्या पाहणी समितीच्या शिफारशीनुसार इम्पीरिअल बँक सरकारच्या ताब्यात आली आणि १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया सुरू झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घालण्यात आले.

आयुर्विमा : १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम काढून आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला. १५४ भारतीय आणि १६ परदेशी विमा कंपन्या तसेच ७५ भविष्यनिर्वाह संस्था एका निर्णयाने सरकारी नियंत्रणाखाली आल्या. त्यातूनच सप्टेंबर १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ उभे राहिले.

वारशावरचा कर : १९५३ मध्ये इस्टेट ड्युटीचा कायदा झाला. मृत्यूनंतर वारसांकडे जाणाऱ्या मोठ्या मालमत्तेवर कर लागू झाला. हा कर १९८५ मध्ये रद्द झाला.

कंपनी कायदा : १९५६ चा कंपनी कायदा संसदेत मांडून मंजूर करून घेण्याचे काम देशमुख यांनी केले. एकच घराणे अनेक कंपन्यांचा कारभार हाती ठेवत असे, त्या मॅनेजिंग एजन्सी पद्धतीला या कायद्याने लगाम घातला.

दुसऱ्या बाजूला खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे भांडवल मिळावे म्हणून जागतिक बँकेच्या मदतीने १९५५ मध्ये आयसीआयसीआय ही संस्था उभी राहिली, तीही त्यांच्याच काळात. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस घाऊक किमती योजनेच्या सुरुवातीपेक्षा खाली होत्या. त्याला चांगल्या पावसाचाही हातभार होता. मात्र योजना हवी, पण नोटा छापून नको, हा अर्थ खात्याचा आग्रहही त्यामागे होता.

थोडक्यात, सरकारने उद्योगात उतरावे की नाही हा त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न नव्हता. सरकार उतरणार असेल, तर ते कशासाठी, किती खर्चात आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे आधी ठरावे असा त्यांचा आग्रह होता.

मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा का दिला?

१६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई शहर केंद्रशासित होणार असल्याचे जाहीर केले. मुंबईत आंदोलन पेटले, गोळीबार झाले आणि माणसे मारली गेली. आयुर्विम्याचा वटहुकूम निघाला तोही याच आठवड्यात. म्हणजे कारकिर्दीतला सर्वात मोठा आर्थिक निर्णय अमलात येत असतानाच देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडण्याच्या विचारात होते. जानेवारीतच त्यांनी राजीनामा देऊ केला. अर्थसंकल्प आणि हाती घेतलेली विधेयके पूर्ण होईपर्यंत ते थांबले आणि जुलै १९५६ मध्ये पदावरून दूर झाले.

लोकसभेत केलेल्या निवेदनात त्यांनी दोन मुद्दे मांडले. मुंबईबाबतचा निर्णय मंत्रिमंडळात पुरेशी चर्चा न होता घेतला गेला, हा पहिला. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हा दुसरा. नेहरूंनी हे आरोप मान्य केले नाहीत. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की देशमुख यांचा रोख केवळ मुंबई कोणाची यावर नव्हता. निर्णय कसा झाला, यावरही होता.

घाटाच्या अलीकडच्या बाजूला सातारा जिल्ह्यात याच काळात वेगळे चित्र होते. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म देवराष्ट्रेचा. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. डिसेंबर १९५५ मध्ये फलटणच्या सभेत चव्हाण यांनी संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत नेहरूंना अधिक महत्त्व देत असल्याची भूमिका घेतली आणि मराठी जनतेचा रोष ओढवून घेतला. पुढे ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी महाबळेश्वरजवळच्या प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करायला नेहरू आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या निदर्शनांना त्यांना तोंड द्यावे लागले. चव्हाण आत राहून वाट काढत होते, देशमुख बाहेर पडून बोलले होते. अखेर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, त्यात दोन्ही मार्गांचा वाटा होता, असे आज म्हणता येते. तेव्हा मात्र लोकांनी देशमुख यांना डोक्यावर घेतले.

पुढची तेरा वर्षे ते काय करत होते?

राजीनाम्यानंतर देशमुख निवडणुकीच्या राजकारणात रमले नाहीत. १९५६ ते १९६१ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी १९६४ पर्यंत सांभाळले. १९५९ मध्ये सरकारी सेवेतील कामासाठी त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी त्यांनी मंत्री आणि उच्चपदस्थांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करणारे कायमचे स्वतंत्र न्यायाधिकरण असावे, अशी मागणी केली. लोकपालाची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. सत्ताधाऱ्यांना ती रुचली नाही. विरोधी पक्षांत मात्र काँग्रेसला आतून ओळखणारा आणि तरीही स्वच्छ राहिलेला माणूस अशी त्यांची प्रतिमा यातून पक्की झाली.

१९६९ मध्ये ते उमेदवार कसे झाले?

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे पदावर असताना निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैमध्ये बंगळूरच्या बैठकीत काँग्रेसच्या संसदीय मंडळाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांचा विरोध डावलून लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. रेड्डींच्या बाजूने मत देणाऱ्यांत तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाणही होते.

त्यानंतरच्या घडामोडी वेगाने घडल्या. १६ जुलैला इंदिरा गांधींनी मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थ खाते काढून घेतले. १९ जुलैला ५० कोटी रुपयांहून अधिक ठेवी असलेल्या १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या वटहुकमावर सही करून गिरी यांनी पद सोडले आणि अपक्ष म्हणून ते रिंगणात उतरले.

काँग्रेसचे दोन गट आमनेसामने असताना विरोधकांना तिसरे नाव हवे होते. १९६७ च्या निवडणुकीत स्वतंत्र पक्षाला लोकसभेच्या ४४, तर जनसंघाला ३५ जागा मिळाल्या होत्या. राजगोपालाचारी आणि मिनू मसानी यांचा स्वतंत्र पक्ष सरकारी नियंत्रणांना विरोध करणारा होता. जनसंघाचा भर राष्ट्रवाद आणि संस्कृतीवर होता. दोघांनाही चालेल आणि कोणी बोट दाखवू शकणार नाही असे नाव म्हणजे ७३ वर्षांचे देशमुख. ते संस्कृतचे पंडित होते, प्रशासक होते आणि नेहरूंना तोंडावर विरोध करून बाहेर पडलेले होते.

मग विसंगती कुठे होती? बँकांच्या राष्ट्रीयीकरणाविरुद्ध स्वतंत्र पक्ष रस्त्यावर आणि न्यायालयात लढत होता. त्यांचा राष्ट्रपतिपदाचा उमेदवार मात्र देशातली सर्वात मोठी बँक आणि सगळा आयुर्विमा सरकारी करणारा माजी अर्थमंत्री होता. सामाजिकदृष्ट्याही त्यांचे आयुष्य रूढीला धरून नव्हते. पहिली पत्नी रोझिना इंग्लंडची होती, तिचे १९४९ मध्ये निधन झाले. १९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाई यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दुर्गाबाई आंध्रच्या, संविधान सभेच्या सदस्य आणि आंध्र महिला सभेच्या संस्थापक. या विवाहाला साक्षीदार होते खुद्द नेहरू.

म्हणजे पाठिंबा देणाऱ्या पक्षांचा रंग उमेदवाराला लागला, असेच म्हणावे लागेल. राष्ट्रपती आर्थिक धोरण ठरवत नाही, म्हणून पक्षांनीही त्यांच्यात धोरणापेक्षा माणूस पाहिला. वटहुकमावर सही करण्याआधी प्रश्न विचारील, असा माणूस.

तिसऱ्या क्रमांकाच्या मतांनी निकाल कसा ठरला?

राष्ट्रपतीची निवड खासदार आणि आमदार करतात. प्रत्येक मताला मूल्य असते आणि आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. उदाहरणार्थ, महाबळेश्वर ज्या वाई विधानसभा मतदारसंघात येते, तिथल्या आमदाराच्या मताचे मूल्य आजच्या हिशेबाने १७५ आहे. मतदार उमेदवारांना १, २, ३ असा पसंतिक्रम देतो. पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर शेवटच्या उमेदवाराला बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली जाते.

१६ ऑगस्ट १९६९ रोजी मतदान झाले. त्याआधी काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी स्वतंत्र आणि जनसंघाच्या नेत्यांशी बोलून दुसरी पसंती रेड्डींना मिळावी, असे प्रयत्न केले होते. त्यावरूनच इंदिरा गांधी गटाने रेड्डींवर उजव्यांशी हातमिळवणीचा आरोप ठेवला आणि काँग्रेसजनांना विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन केले. २० ऑगस्टला निकाल लागला.

पहिली पसंती : गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. देशमुख १,१२,७६९. विजयासाठी आवश्यक मते : ४,१८,१६९.

गिरी १६,६५४ मतांनी मागे होते. एकेक उमेदवार बाद होत गेला आणि अखेर देशमुख यांच्या मतपत्रिकाही पुढच्या पसंतीसाठी उघडल्या गेल्या. बाद झालेल्या सगळ्यांकडून मिळून रेड्डींना ९१,८७९ मते मिळाली, तर गिरींना १८,५६२.

अंतिम आकडे : गिरी ४,२०,०७७. रेड्डी ४,०५,४२७.

गिरी आवश्यक आकड्यापेक्षा केवळ १,९०८ मतांनी पुढे गेले. देशमुख आणि इतर बाद उमेदवारांची सगळी मते रेड्डींकडे वळली असती, तर राष्ट्रपती रेड्डी झाले असते. भारताच्या राष्ट्रपतिपदाचा निकाल दुसऱ्या पसंतीच्या मतांवर लागल्याचे हे एकमेव उदाहरण आहे. त्याच नोव्हेंबरमध्ये काँग्रेस फुटली. रेड्डींना राष्ट्रपतिभवनात जायला १९७७ साल उजाडावे लागले.

देशमुख यांचे पुढे काय झाले?

पराभवानंतर देशमुख पुन्हा आपल्या कामांकडे वळले. १९७४ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९७५ मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान असतानाच त्यांना पद्मविभूषण मिळाले, तेही दुर्गाबाईंसह. कालिदासाच्या मेघदूताचे त्यांनी मराठीत पद्यरूपांतर केले आणि गांधीजींचे विचार संस्कृत श्लोकांत आणले. दुर्गाबाईंचे मे १९८१ मध्ये निधन झाले. त्यानंतर दीड वर्षाच्या आतच, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, हैदराबाद येथे देशमुख गेले.

ही निवडणूक आज का आठवायची?

राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली, की उमेदवार कोणत्या पक्षाचा, कोणत्या विचारांचा यावर चर्चा होते. १९६९ मध्ये ही चर्चा इतकी तापली, की देशमुख यांची स्वतःची कारकीर्द बाजूला पडली आणि ते फक्त उजव्यांचे उमेदवार उरले. त्यांचे निर्णय सांगतात ते वेगळे आहे. बँक आणि विमा सरकारी करताना त्यांनी हिशेब मांडला आणि मंत्रिमंडळ सोडताना निर्णयप्रक्रियेचा मुद्दा मांडला. दोन्ही वेळा त्यांचा प्रश्न एकच होता, हा निर्णय नियमाने झाला का? या प्रश्नाला डावे किंवा उजवे म्हणता येत नाही. १९६९ च्या त्या मतमोजणीतही त्यासाठी वेगळा रकाना नव्हता.